गोल्फचे आयर्न समजून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल्फ शिकायला लागून सहा महिने झाले की बहुतेकांना स्वतःचा सेट घ्यावासा वाटतो, आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. लांब पहिला फटका मारायचा ड्रायव्हर एक, चेंडू होलमध्ये ढकलायचा पटर एक. मधल्या अंतरांसाठीचे, धातूच्या पात्याचे क्लब म्हणजे आयर्न मात्र सात-आठ, त्यांचे प्रकार चार-पाच, आणि चांगल्या नव्या सेटची किंमत लाखाच्या घरात. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, नव्या मंडळींनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

आयर्न खरंच लोखंडाचे असतात का?

नाव पडलं तेव्हा होते. स्कॉटलंडमध्ये लोहार पातं ठोकून घडवायचे आणि ते लाकडी दांड्याला बसवायचे. आज हेड पोलादाचं असतं, कार्बन स्टीलचं किंवा स्टेनलेसचं. दांडा हिकरीच्या लाकडाचा होता, तो पुढे पोलादी झाला. खेळाचे नियम ठरवणाऱ्या सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए संस्थेने पोलादी शाफ्टला १९२९ मध्ये मान्यता दिली. त्याआधी क्लबना बहुधा आकड्यांऐवजी नावं असायची: क्लीक, मॅशी, निब्लिक. मॅशी म्हणजे ढोबळमानाने आजचा पाच नंबर, निब्लिक म्हणजे नऊ.

खाली कोरलेला आकडा काय सांगतो?

आकडा लहान असेल तर शाफ्ट (दांडा) लांब आणि फेस, म्हणजे चेंडूला लागणारा भाग, उभा. आकडा वाढत जातो तसा शाफ्ट आखूड होतो आणि फेस मागे कलतो. या कलाला लॉफ्ट म्हणतात. पुरुषांच्या नेहमीच्या सेटमध्ये सात नंबर ३७ इंचांच्या आसपास असतो, पुढच्या-मागच्या प्रत्येक आकड्याला अर्ध्या इंचाचा फरक पडतो, आणि लॉफ्ट तीन ते पाच अंशांनी बदलतो. त्यामुळे स्विंग तोच ठेवून क्लब बदलला की चेंडू साधारण दहा-बारा यार्ड मागे किंवा पुढे पडतो. कॅडी म्हणतो, "साहेब, वारा समोरचा आहे, सहा घ्या," तेव्हा तो एवढंच सांगत असतो की स्विंग बदलू नका, क्लब बदला.

पण आकडा हे फक्त नाव आहे. सात नंबरला इतकाच लॉफ्ट हवा, असा नियम कुठेही नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने ठरवते.

माझ्या मित्राचा सात नंबर माझ्यापेक्षा वीस यार्ड लांब कसा जातो?

आधी त्याच्या आयर्नचा लॉफ्ट विचारा. १९७०च्या दशकात सात नंबरचा लॉफ्ट ३८ ते ४० अंशांच्या आसपास असायचा. आजच्या ब्लेडमध्ये, म्हणजे भरीव पाठीच्या सडपातळ आयर्नमध्ये, तो ३४ असतो, आणि लांब अंतरासाठी केलेल्या सेटमध्ये २८ ते ३०. म्हणजे मित्राच्या हातात सातचा आकडा कोरलेला सहा नंबर आहे, कधीकधी पाचच्या जवळ जाणारा.

याला सरसकट फसवणूक म्हणणं मला पटत नाही. आधुनिक हेडमध्ये वजन इतकं खाली नेलेलं असतं की जुना लॉफ्ट ठेवला तर चेंडू वाऱ्यावर उंच जाऊन तिथेच रेंगाळेल. गुरुत्वमध्य खाली गेला म्हणून फेस थोडा उभा करता आला. प्रश्न दुसरा आहे: चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पडून थांबतो का? मे महिन्यात आपल्याकडची ग्रीन्स तव्यासारखी टणक झालेली असतात. सपाट येणारा चेंडू पडला की घरंगळत मागच्या रफमध्ये, म्हणजे उंच गवतात, जातो. लांब गेला म्हणून आनंद मानण्याआधी तो कुठे थांबला ते बघा.

तुलनेसाठी एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. फटके मोजणारी यंत्रं बनवणाऱ्या ट्रॅकमन कंपनीने पूर्वी प्रसिद्ध केलेल्या सरासरीत पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या पुरुष खेळाडूंचा सात नंबर हवेतून १७२ यार्ड जायचा, एलपीजीए या महिलांच्या मालिकेतल्या खेळाडूंचा १४१. जगातल्या सर्वोत्तम महिला १४१ यार्डांवर मोठमोठ्या स्पर्धा जिंकत होत्या. आपला १३० गेला तर त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

ब्लेड आणि कॅव्हिटी-बॅक यांत नेमका फरक काय?

क्लब उलटा करून मागची बाजू बघा. ब्लेडची पाठ भरीव आणि गुळगुळीत असते. चेंडू लागतो त्याच्या बरोबर मागे धातूचा जाड पट्टा असेल तर त्याला मसल-बॅक म्हणतात. कॅव्हिटी-बॅकची पाठ मधे कोरलेली असते आणि तिथून काढलेलं वजन कडेकडेने वाटलेलं असतं.

वजन कडेला नेल्याने काय होतं हे समजायला डोंबाऱ्याचा खेळ आठवावा. दोरीवर चालणारी मुलगी हातात लांब काठी आडवी धरते. काठीचं वजन तिच्यापासून दूर, दोन्ही टोकांकडे असतं, म्हणून ती पटकन कलंडत नाही. आयर्नचं तसंच आहे. चेंडू फेसच्या टोकाकडे किंवा टाचेकडे (शाफ्टजवळच्या बाजूला) लागला की हेड हातात फिरू पाहतं. वजन मधे गोळा झालेलं असेल तर ते सहज फिरतं, चेंडू वाकडा जातो आणि दहा-पंधरा यार्ड कमी पडतो. वजन कडेला असेल तर हेड फिरायला कुरकुर करतं, आणि चुकलेला फटकाही निदान ग्रीनच्या आसपास पोचतो.

ही कल्पना रुजवली ती कार्स्टन सोलहाइम या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन अभियंत्याने. जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करत असताना त्याला स्वतःच्या पटिंगचा वैताग आला, म्हणून १९५९ मध्ये त्याने घराच्या गॅरेजमध्ये नवा पटर केला. चेंडूला लागताना येणाऱ्या आवाजावरून त्याचं नाव पडलं पिंग. पुढे तोच विचार त्याने आयर्नमध्ये आणला, आणि १९८२ च्या पिंग आय-२ या सेटने तर बाजाराची दिशाच बदलली. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक आयर्नच्या पाठीवर सोलहाइमच्या त्या विचाराची खूण आहे. या खेळातल्या सामान्य खेळाडूवर इतकं ऋण फार थोड्या लोकांचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

गेम-इम्प्रूव्हमेंट आयर्न कसे ओळखायचे?

क्लब चेंडूमागे ठेवून वरून बघा. वरची कड जाड दिसते, खालचा तळ रुंद असतो, आणि फेस शाफ्टच्या रेषेपेक्षा किंचित मागे बसवलेला दिसतो. या मागे असण्याला ऑफसेट म्हणतात. त्यामुळे फेस सरळ व्हायला निमिषभर जास्त वेळ मिळतो. उजव्या हाताच्या नवख्या खेळाडूचा चेंडू उजवीकडे वळत पळतो, त्याला याचा आधार होतो. रुंद तळ जमिनीत रुतण्याऐवजी सरकतो, म्हणून चेंडूच्या थोडं आधी जमिनीला लागलं तरी फटका पूर्ण वाया जात नाही.

याच्याही पुढची पायरी सुपर गेम-इम्प्रूव्हमेंट. हेड इतकं जाड की ते हायब्रिडसारखं, म्हणजे आयर्न आणि ड्रायव्हर यांच्या मधल्या फुगीर क्लबसारखं, दिसतं. साठी ओलांडलेल्यांनी किंवा ज्यांचा स्विंग सावकाश आहे त्यांनी हे जरूर मारून बघावेत.

पोकळ आयर्न ही काय भानगड आहे?

बाहेरून ब्लेडसारखा सडपातळ, आतून पोकळ. पातळ फेस चेंडू लागताच किंचित लवचिकपणे मागे जातो आणि चेंडूला वेग देतो. आवाज पत्र्यासारखा येऊ नये म्हणून काही कंपन्या आत मऊ पॉलिमर भरतात. तळाशी टोकाकडे टंगस्टनचा तुकडा बसवतात. टंगस्टन पोलादापेक्षा जवळपास अडीच पट घन असतं, त्यामुळे थोड्या जागेत बरंच वजन खाली जातं. दुकानात यांना प्लेअर्स डिस्टन्स म्हणतात. बारा-पंधरा हँडिकॅपच्या (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तितके फटके जास्त घेणाऱ्या) खेळाडूसाठी हा चांगला मधला मार्ग आहे. एकच सांभाळायचं: पातळ फेसवरून कधीकधी चेंडू अनपेक्षितपणे आठ-दहा यार्ड जास्त उडतो, आणि मागे पाणी असेल तर तो थेट पाण्यात.

ब्लेडवर शिकलं तर स्विंग लवकर सुधारतो, हे खरं का?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण मी तसं केलं. शिकायला लागून वर्ष झालं नव्हतं तेव्हा एका दुकानात मला सांगितलं गेलं की, "ब्लेड घ्या, हातच आपोआप शिकतील." मी घेतले. दीड वर्ष हिवाळ्याच्या सकाळी बोटं बधिर होईपर्यंत झिणझिण्या सोसल्या. स्विंग सुधारला नाही. उलट चेंडू मधोमध लागावा म्हणून मी आखडून, घाबरत मारायला लागलो, आणि ती सवय मोडायला प्रशिक्षकाला आणखी एक वर्ष लागलं.

ब्लेड चूक लपवत नाही हे खरं, पण चूक कळणं वेगळं आणि ती सुधारता येणं वेगळं. चेंडू फेसवर कुठे लागतो ते फेसवर पावडर मारूनही कळतं, त्यासाठी लाखभर रुपये घालायला नकोत. ज्यांचे दहापैकी सात-आठ चेंडू एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत लागतात, त्यांच्यासाठी ब्लेड आहेत. त्यांना चेंडू मुद्दाम खाली ठेवायचा असतो, वळवायचा असतो, आणि पातळ तळ त्या कामाला येतो. बाकीच्यांनी कॅव्हिटी-बॅक घ्यावेत. टूरवरचे कित्येक व्यावसायिकही कॅव्हिटी-बॅकच वापरतात.

घडीव चांगला की ओतीव?

घडीव म्हणजे तापवलेल्या कार्बन स्टीलच्या कांबीला साच्यात दाबून आकार दिलेला. ओतीव म्हणजे वितळलेलं पोलाद साच्यात ओतलेलं. कोल्हापूरकडे ज्यांनी फाउंड्री पाहिली आहे त्यांना ओतकाम नवं नाही. फरक इतकाच की आयर्नसाठी वाळूच्या साच्याऐवजी मेणाच्या प्रतिकृतीभोवती सिरॅमिकचं कवच चढवतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. आपल्या पितळी मूर्ती करणारे कारागीर याच तत्त्वावर काम करत आले आहेत. यामुळे गुंतागुंतीचे कोनाडे आणि कपारी एका ओतकामात मिळतात, म्हणूनच कॅव्हिटी-बॅक स्वस्तात करता आले.

घडीव आयर्न हातात मऊ लागतो, असं सगळे म्हणतात. तो मऊपणा बराचसा आकारातून आणि चेंडू मधोमध लागल्याने येतो, असं माझं मत झालंय. पण घडीवचा एक फायदा निर्विवाद आहे: कार्बन स्टील मऊ असल्याने लॉफ्ट आणि लाय (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) दोन-तीन अंश सहज वाकवून घेता येतात. कडक स्टेनलेसच्या ओतीव हेडला इतकं वाकवायला गेलं तर ते तडकण्याची भीती असते. जपानमध्ये या घडकामाची मोठी परंपरा आहे. मिउराचे आयर्न हिमेजीत घडतात, मिझुनोचे हिरोशिमात. हातात घेऊन बघायला मिळाले तर संधी सोडू नका.

तीन आणि चार नंबर घ्यावेत का?

बहुतेकांनी घेऊ नयेत. लांब शाफ्ट, उभा फेस आणि लहान हेड हे तिन्ही एकत्र आले की चेंडू वर उचलायला वेगच लागतो. तो नसेल तर चार आणि पाच नंबर मारून चेंडू जवळपास तितक्याच अंतरावर पडतो. तसं होत असेल तर चारऐवजी हायब्रिड घ्या. त्याचं हेड मागे फुगीर असतं, वजन खाली आणि मागे असतं, आणि रफमधून ते गवतात अडकत नाही.

एक नंबर तर आता बाजारात जवळपास दिसतच नाही. पण त्याची आठवण जपावी अशी आहे. १९५० च्या यूएस ओपनमध्ये मेरियन क्लबच्या अठराव्या होलवर अमेरिकन खेळाडू बेन होगनने एक नंबरने फटका मारला, त्या जागी आज धातूची पट्टी बसवलेली आहे. जेमतेम सोळा महिन्यांपूर्वी मोटार अपघातात त्याचं शरीर मोडून निघालं होतं. आणि १९७२ मध्ये पेबल बीच मैदानाच्या सतराव्या होलवर अमेरिकन खेळाडू जॅक निकलॉसचा एक नंबरने मारलेला चेंडू समुद्रावरच्या वाऱ्यातून जाऊन झेंड्याच्या काठीलाच लागला.

वेज हे आयर्नच का? किती ठेवावेत?

हो, कुटुंब तेच: जास्त लॉफ्टचे, जवळच्या फटक्यांचे आयर्न. पिचिंग वेज सेटबरोबर येतो, गॅप वेज ५० ते ५२ अंशांचा, सँड वेज ५४ ते ५६, लॉब वेज ५८ ते ६०. इथे उभ्या लॉफ्टच्या सेटचा परिणाम जाणवतो. तुमचा पिचिंग वेज ४३ अंशांचा आणि सँड वेज ५६ चा असेल तर मधे १३ अंशांची दरी आहे, आणि नेमक्या ९० यार्डांवर हातात क्लब नाही. अशा वेळी गॅप वेज घ्यावाच लागतो. बॅगेत एकूण चौदाच क्लब चालतात, त्यामुळे लॉब वेजसाठी जागा करताना काहीतरी बाहेर जाणार, हेही धरून चला.

वेजमध्ये लॉफ्टइतकाच महत्त्वाचा असतो बाउन्स, म्हणजे तळाचा मागचा भाग पुढच्या कडेपेक्षा किती खाली उतरतो तो कोन. अमेरिकन खेळाडू जीन सॅराझेनने १९३० च्या सुमारास आपल्या निब्लिकच्या तळाला धातूचा थर डागून हे तत्त्व वापरात आणलं आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. विमान वर चढताना शेपूट खाली जाते हे पाहून आपल्याला ती कल्पना सुचली, असं तो सांगायचा.

आपल्याकडे बाउन्सचा हिशेब ऋतूप्रमाणे बदलतो. जुलैत मुंबईची जमीन ओली आणि मऊ असते. तिथे १० ते १४ अंश बाउन्स असलेला वेज रुतत नाही. एप्रिल-मेमध्ये पुण्याकडे जमीन टणक आणि गवत विरळ. तिथे तोच वेज जमिनीवर आपटून उसळतो आणि चेंडूच्या पोटात लागतो. एकच सँड वेज घेणार असाल तर मधला, १० अंशांचा घ्या.

फेसवरच्या रेघा कशासाठी?

गवताचा रस आणि पाणी बाजूला सारून फेसची चेंडूवरची पकड टिकावी यासाठी. या ग्रूव्हच्या कडा किती धारदार असाव्यात यावर २०१० पासून कडक मर्यादा आल्या. मात्र १९९० मध्ये पिंगशी झालेल्या तडजोडीमुळे जुन्या पिंग आय-२ ला त्यातून सूट होती, म्हणून २०१० च्या सुरुवातीला अमेरिकन खेळाडू फिल मिकेलसनने तो जुना वेज बॅगेत आणला आणि बराच वाद झाला. आपल्यासाठी सूचना साधी: प्रत्येक फटक्यानंतर ओल्या फडक्याने आणि टीच्या (चेंडू ठेवायच्या खुंटीच्या) टोकाने ग्रूव्ह साफ करा. मातीने भरलेला महागडा वेज स्वस्त वेजसारखाच वागतो.

शाफ्ट स्टीलचा की ग्रॅफाइटचा?

स्टीलचा शाफ्ट साधारण ९५ ते १३० ग्रॅमचा, ग्रॅफाइटचा बहुधा ५० ते ८० ग्रॅमचा. कोपर किंवा मनगट दुखत असेल, स्विंग सावकाश असेल, तर ग्रॅफाइट घ्या आणि कोणाला काय वाटेल याचा विचार करू नका. तरुण, दमदार खेळाडूला जड स्टील लयीत ठेवतं. कडकपणाचं लेबल कंपनीगणिक बदलतं, एकाचा रेग्युलर दुसऱ्याचा स्टिफ निघतो. म्हणून लेबलवर न जाता मारून बघा.

लाय अँगल म्हणजे काय, आणि उंचीशी त्याचा काय संबंध?

क्लब जमिनीवर टेकवला की शाफ्ट आणि जमीन यांच्यात होणारा कोन. उंच माणसाचे हात वर असतात, त्यामुळे क्लबचं टोक खाली जाऊन टाच उचलली जाते आणि चेंडू उजवीकडे निघतो. बुटक्या माणसाचं उलट होतं. तळावर टेप लावून कठीण फळीवरून चार फटके मारले की घासल्याची खूण मधे आहे की कडेला ते दिसतं. दुकानात हे पाच मिनिटांत होतं. मागून करून घ्या.

सगळे आयर्न एकाच लांबीचे असले तर?

अमेरिकन खेळाडू ब्रायसन डीशॅम्बोने असाच सेट वापरून २०२० ची यूएस ओपन जिंकली. सगळे सात नंबरच्या आसपासच्या लांबीचे, लॉफ्ट मात्र वेगवेगळे. उभं राहणं आणि स्विंग एकच. लांब केलेल्या छोट्या आयर्नची सवय व्हायला वेळ लागतो, आणि मोठे आयर्न काहींना पुरेसे लांब जात नाहीत.

महिलांसाठी वेगळे आयर्न लागतात का?

शाफ्ट साधारण इंचभर आखूड, हलका आणि लवचिक असतो, ग्रिप बारीक असते. पण हे शरीराचं आणि वेगाचं गणित आहे. वेगाने मारणाऱ्या मुलीला गुलाबी रंगाचा मऊ सेट देऊन तिचं नुकसान करू नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. तिथे तिचा चेंडू बहुतेक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कमी अंतर जात होता, तरी शेवटपर्यंत टिकून होती.

जुना सेट घेतला तर चालेल?

पहिला सेट जुनाच घ्या, असा माझा आग्रह आहे. दहा वर्षांपूर्वीचा चांगला कॅव्हिटी-बॅक आजही उत्तम आहे. सात आणि नऊ नंबरचे ग्रूव्ह झिजलेत का, शाफ्टला हेडजवळ गंज आहे का, सगळे शाफ्ट एकाच जातीचे आहेत का, एवढं तपासा. ग्रिप कडक झाल्या असतील तर बदलून घेता येतात. अगदी नवा, गाजलेल्या ब्रँडचा सेट निम्म्या किमतीत मिळत असेल तर तो बनावट असण्याची शक्यता मोठी. हेडवरचा अनुक्रमांक कंपनीकडे तपासून मगच पैसे द्या.

पावसाळ्यात सेट गाडीच्या डिकीत ठेवू नका. बॅग उघडून पंख्याखाली वाळवा, आणि घडीव किंवा मुद्दाम मुलामा न दिलेल्या वेजवर तेलाचा हात फिरवा.

पूर्ण सेट नाही. एकाच आयर्नवर शिकता येईल का?

येईल. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या आसपासच्या वस्त्यांतली कॅडी मंडळी लोखंडी सळई वाकवून स्टिक बनवतात आणि गल्ल्यांमधून, घरांच्या फटींमधून प्लॅस्टिकचा चेंडू मारत खेळतात. त्या सळईला ना लॉफ्टचं गणित, ना मऊ फेस. त्यांच्या हातांतली अचूकता बघितली की सेटच्या चर्चेत आपण किती वेळ घालवतो हे कळतं.

तुम्ही सात नंबर घ्या. फेसवर पायाची पावडर फवारा, दहा चेंडू मारा आणि प्रत्येक फटक्यानंतर ठसा कुठे उमटला ते बघा. ठसे टोकाकडे असतील तर चेंडूच्या अर्धा इंच जवळ उभे राहा, टाचेकडे असतील तर अर्धा इंच लांब. फेस पुसा, पुन्हा दहा. हे महिनाभर करा आणि मग ठशांचे फोटो घेऊन दुकानात जा. कोणता आयर्न दाखवायचा ते दुकानदाराला त्या फोटोंवरून तुमच्या हँडिकॅपपेक्षा लवकर समजेल.